सामाईक उपकरणांविषयीचे काही रूढ समज

कर्वेनगरातील कमिन्स अभियांत्रिकी महिला महाविद्यालयात, अथवा त्या परिसरातील दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयात, संशोधनप्रकल्प हाती घेतलेल्या विद्यार्थिनीला गणेशखिंडीचे विद्यापीठ किंवा पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा अंतराने काही फार लांब नाही. तरीही तेथील मौल्यवान उपकरणांपाशी ती पोहोचते ती बहुधा प्रबंध बांधायला टाकण्याच्या बेतात असताना, आणि या विलंबाचे कारण पुष्कळदा एवढेच असते की, ती यंत्रे ज्या विभागाच्या दालनात उभी आहेत त्याच विभागाच्या मालकीची असून वशिल्यावाचून बाहेरच्याला तेथे थारा मिळत नाही, असे कोणीतरी तिला ठामपणे सांगून ठेवलेले असते.

हा समज निराधार आहे. कोट्यवधी रुपये किमतीची उपकरणे प्रत्येक संस्थेने स्वतंत्रपणे विकत घेणे देशाला परवडणारे नाही, हे ओळखून केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सत्तरच्या दशकातच प्रादेशिक उपकरण केंद्रांची तजवीज केली, आणि त्यांपैकी पवईच्या आयआयटीतील केंद्र १९७६ साली स्थापन झाले. पुणे विद्यापीठाची मध्यवर्ती उपकरण सुविधा याच तत्त्वावर उभी आहे. शिवाय २०२० साली सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय संकेतस्थळावर कोणते उपकरण कोठे आहे हे घरबसल्या पाहता येते. मार्गदर्शकाची सही असलेला अर्ज, ठरलेले शुल्क आणि नमुन्याची खरी माहिती, एवढ्यावर मिळणारी ही सेवा कोणाची मेहेरबानी नव्हे. नारायणगावजवळच्या खोडद येथील, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीचा वेळदेखील देशी-परदेशी असा भेद न करता, आलेल्या प्रस्तावांचा वैज्ञानिक कस पाहूनच वाटून दिला जातो.

शुल्काविषयीचा समज याहून चिवट आहे. यंत्र आधीच विकत घेतलेले, मग एका नमुन्याचे एवढे पैसे कशाचे, असे विचारणाऱ्याने एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) यंत्राच्या दालनात एकदा उभे राहून पाहावे. त्या यंत्रातील अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सियसला अहोरात्र बुडालेले असते, त्याभोवती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचे वेष्टन असते, आणि दिवाळीच्या सुटीत एकही नमुना आला नाही तरी हे द्रव उडून जाणे थांबत नाही व ते वेळच्या वेळी भरणे चुकत नाही. त्यातही हेलियम परदेशातून आणावा लागतो. विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या शुल्कातून या खर्चाचा काही अंशच भरून निघतो, आणि म्हणूनच उद्योगधंद्यांना लावला जाणारा दर सामान्यतः त्याहून पुष्कळ चढा ठेवलेला असतो.

परंतु ज्या समजामुळे सर्वांत अधिक नुकसान होते तो निराळाच आहे: नमुना नेऊन दिला की यंत्र उत्तर देते. कागदाच्या पुडीत चिमूटभर भुकटी, तिच्यावर केवळ ‘नमुना १’ एवढी चिठ्ठी, आणि अर्जातील द्रावकाचा रकाना कोरा, अशा स्थितीत ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर वरून कोरडी दिसणाऱ्या त्या भुकटीत अडकलेला ओलावा निर्वातात बाहेर पडून यंत्राच्या अंतर्भागाला बाधा आणू शकतो. पदार्थ विद्युत्‌वाहक नसेल तर त्याच्यावर इलेक्ट्रॉन साचतात आणि प्रतिमा पांढरी फटक होऊन सरकू लागते. हे टाळण्यासाठी त्यावर सोन्याचा काही नॅनोमीटर जाडीचा मुलामा चढवतात. आता त्याच नमुन्यातील मूलद्रव्ये तपासली की आलेखात सोने उमटणार, आणि खाली चिकटवलेल्या कार्बनच्या पट्टीमुळे कार्बनही उमटणार. हे ठाऊक नसलेला संशोधक आपल्या पदार्थात ही मूलद्रव्ये सापडल्याचे प्रबंधात प्रामाणिकपणे लिहून मोकळा होतो. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात टोकदार शिखरांऐवजी रुंद उंचवटा दिसला की यंत्र बिघडले असे म्हणणारेही आढळतात. वास्तविक पदार्थ स्फटिकरूप नाही हेच त्या उंचवट्याचे सांगणे असते, आणि ते निष्कर्ष म्हणून पूर्ण ग्राह्य आहे.

तेव्हा उपकरणाचा वेळ मागण्यापूर्वी तेथील तंत्रज्ञाशी बोलून घेणे मला अत्यावश्यक वाटते. कळ दाबणारा कर्मचारी अशी त्याची संभावना करणे हा तर अन्याय आहे. शेकडो प्रकारचे नमुने हाताखालून गेलेल्या त्या माणसाला, कोणती भुकटी किती वाळवावी आणि कोणत्या प्रश्नाला हे यंत्र मुळीच उपयोगी नाही, हे पाठ्यपुस्तकाहून अधिक नेमके सांगता येते. त्याने अर्थ लावण्यात भरीव वाटा उचलला असेल तर सहलेखकांत त्याचे नाव यावे, आणि केंद्राचा उल्लेख प्रत्येक शोधनिबंधाच्या ऋणनिर्देशात व्हावाच. शुल्क भरले म्हणजे तो उल्लेख अनावश्यक ठरतो असे नाही, कारण पुढील अनुदान मागताना आपल्या उपयुक्ततेचा दाखला म्हणून केंद्राला सरकारदरबारी हेच निबंध दाखवता येतात.