पाठमोरा शॉर्टस्टॉप

१५ ऑक्टोबर १९४६ रोजी सेंट लुईसमध्ये बोस्टन रेड सॉक्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) जॉनी पेस्की याच्या हातात चेंडू आला, तेव्हा त्याची पाठ होम प्लेटकडे होती. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, आठवी इनिंग, दोन बाद, ३-३ अशी बरोबरी. कार्डिनल्सचा ईनॉस स्लॉटर पिचरने चेंडू टाकतानाच पहिल्या बेसवरून सुटला होता. हॅरी वॉकरचा फटका डावीकडच्या मध्यभागात गेला, लिऑन कल्बर्सनने तो उचलून पेस्कीकडे दिला आणि पेस्की वळून फेकेपर्यंत स्लॉटर घर गाठत होता. बोस्टन ४-३ने हरलं, सिरीजही गेली, आणि ‘पेस्कीने चेंडू धरून ठेवला’ हा ठपका त्याला जन्मभर चिकटला. त्याने तो निमूटपणे स्वीकारलाही. माझ्या मते हा निकाल चुकीच्या माणसाविरुद्ध लागला. तो का चुकीचा, हे कळायला आधी आउटफिल्डमधून परत येणाऱ्या चेंडूची व्यवस्था नीट पाहावी लागते.

क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून चेंडू दोनपैकी एका टोकाला पाठवायचा असतो. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट, बेस चार, आणि फटका मारणारा धरून एकाच वेळी चार जण धावत असू शकतात. मध्यभागातली भिंत होमपासून बहुतेक ठिकाणी ४०० फुटांच्या आसपास असते. तिथून थेट फेक करायची तर चेंडू उंच चढवावा लागतो, हवेचा अडथळा त्याचा वेग खातो, आणि दिशेतली लहानशी चूकही महाग पडते. ३०० फुटांच्या फेकीत कोन फक्त दोन अंशांनी चुकला, तर चेंडू दहा फूट बाजूला पडतो. अंतर अर्धं केलं की चूक पाच फुटांवर येते आणि मधला माणूस ती सुधारून पुढची फेक नव्याने करू शकतो. अर्थात चेंडू झेलून, वळून, पुन्हा फेकण्यात जवळपास एक सेकंद जातो, आणि मेजर लीगमधला सरासरी रनर पूर्ण वेगात सेकंदाला २७ फूट कापतो. म्हणजे मधला माणूस मोफत मिळत नाही. दोन सपाट, वेगवान फेकींनी त्या एका सेकंदाची भरपाई केली, तरच तो परवडतो.

म्हणूनच कोणी कुठे उभं राहायचं हे फटक्याआधीच ठरलेलं असतं. चेंडू डाव्या बाजूला किंवा डावीकडच्या मध्यभागात खोल गेला, तर शॉर्टस्टॉप रिलेसाठी, म्हणजे हा मधला माणूस म्हणून, बाहेर धावतो. उजवीकडे गेला तर दुसरा बेसमन. उरलेला त्याच्या मागे काही पावलांवर येतो, पहिली फेक डोक्यावरून गेली तर ती अडवायला. साधा एका बेसचा फटका असेल आणि रनर दुसऱ्या बेसवरून घरी निघाला असेल, तर काम वेगळं: उजव्या आणि मधल्या भागातून येणाऱ्या फेकीला पहिला बेसमन आडवा उभा राहतो, डावीकडच्या फेकीला तिसरा. हा कटऑफ. पिचर होमच्या किंवा तिसऱ्या बेसच्या मागे जाऊन निसटलेला चेंडू राखतो. कटऑफचं काम रिलेहून अवघड आहे, कारण बरोबर निघालेली फेक त्याने सोडून द्यायची असते. घरी येणारा रनर हाती लागणार नसेल, तर मात्र चेंडू मध्येच तोडून दुसऱ्या बेसकडे सरकू पाहणाऱ्या फलंदाजाला रोखायचं. दुसऱ्या बेसवर पोचलेला माणूस पुढच्या साध्या फटक्यावरही धाव काढू शकतो. पहिल्यावर थांबलेल्याला ते क्वचितच जमतं.

इथे खरा पेच आहे. चेंडूकडे पाहणारा रनरकडे पाहू शकत नाही. हात एकाचा आणि डोळे दुसऱ्याचे, अशी ही रचना आहे. होमकडे फेक असेल तेव्हा कॅचर ओरडून सांगतो: तोड, किंवा तोडून दुसऱ्या बेसला दे, काहीच ऐकू आलं नाही तर चेंडू जाऊ द्यायचा. रिलेसाठी बाहेर गेलेल्याला मागून येणारा सोबती सांगतो. पेस्कीच्या बाबतीत ही साखळी तुटली. सोबत्यांचा आवाज प्रेक्षकांच्या गोंगाटात त्याच्यापर्यंत पोचला नाही, असं सांगितलं जातं. पहिल्या बेसवरचा माणूस अशा फटक्यावर तिसऱ्या बेसवर थांबेल, हा अंदाज कोणीही केला असता. पेस्की क्षणभर घुटमळला असेल, हे मान्य करू. पण घुटमळण्याचं कारण त्याच्या हातात नव्हतं. ज्याच्या नजरेसमोर काही घडलंच नाही, त्याला ते दिसलं नाही म्हणून दोषी धरणं अन्याय आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की असामान्य हाताच्या आउटफिल्डरला या यंत्रणेची गरज नाही. दाखला २००१च्या एप्रिलमधला, ओकलंडच्या मैदानावरचा: सिएटलच्या इचिरोने राइट फिल्डमधून थेट तिसऱ्या बेसवर फेक करून टेरेन्स लाँगला बाद केलं. पण ती फेक का गाजली ते पाहा. ती सपाट होती, म्हणजे कटऑफच्या शिस्तीत पूर्ण बसणारी. शिवाय तसा हात एका पिढीत मोजक्यांनाच लाभतो. उंच उडवलेली थेट फेक मात्र कोणालाच तोडता येत नाही, आणि ती हवेत असताना मागचा रनर बिनधोक पुढे सरकतो.

दुसरा आक्षेप त्याच मैदानावरचा, त्याच वर्षीच्या १३ ऑक्टोबरचा. प्लेऑफचा तिसरा सामना, सातवी इनिंग, ओकलंडविरुद्ध यँकीज १-०ने पुढे. याच लाँगने उजव्या कोपऱ्यात फटका मारला आणि जेरेमी जिअँबी पहिल्या बेसवरून निघाला. शेन स्पेन्सरची फेक दोन्ही कटऑफच्या डोक्यावरून गेली. यँकीजचा शॉर्टस्टॉप डेरेक जीटर मैदान ओलांडून धावत आला, चेंडू उचलून त्याने बाजूला कॅचर पोसाडाकडे ढकलला, आणि जिअँबी बाद झाला. यँकीज तो सामना १-०ने जिंकले. ही निव्वळ प्रतिभा, योजना नव्हे, असं अनेकांना वाटतं. चेंडू असा ढकलणं कोणी शिकवत नाही, हे खरं. पण व्यवस्थापक जो टोरी आणि खुद्द जीटर यांनी सांगितलं, की अशा प्रसंगी तिसरा कटऑफ म्हणून तिथे पोचणं हे त्याचं ठरलेलं काम होतं. प्रतिभेला वाव मिळाला तो जागा आधी ठरलेली होती म्हणून. चुकीच्या फेकीमुळे दोन माणसं निरुपयोगी ठरल्यावर तिसरा उरतो, ही तरतूद कोणीतरी सरावाच्या मैदानावर आधी केलेली असते.

आणि बहुतेक वेळा या कामाची कुठेच नोंद होत नाही. २०१४च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना, कॅन्सस सिटीच्या अ‍ॅलेक्स गॉर्डनचा फटका सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या आउटफिल्डरांकडून दोनदा हुकला. बरोबरीची धाव समोर दिसत होती. पण शॉर्टस्टॉप ब्रँडन क्रॉफर्ड बाहेर येऊन उभा होता, चेंडू त्याच्या हातात पोचला, आणि तिसऱ्या बेसच्या प्रशिक्षकाने गॉर्डनला थांबवलं. त्याला पाठवायला हवं होतं का, यावर पुढे खूप वाद झाला. क्रॉफर्डने होमला फेक केलीच नाही, त्यामुळे धावफलकात त्याच्या नावापुढे काही लिहिलं गेलं नाही. पुढचा फलंदाज झेल देऊन बाद झाला, गॉर्डन तिसऱ्या बेसवरच राहिला आणि जायंट्स ३-२ने जिंकले.