एसीचा नेमका कोणता भाग गेला?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत इथल्या ऊर्जानगरात गाडीचा एसी बंद पडला की कुणी सांगतं, गाडी काढूच नका. कुणी सांगतं, काचा खाली करा आणि चला. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत, कारण ‘एसी बिघडला’ हे निदानच नव्हे. गॅस गळून गेला असेल तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा क्लच जोडूच देत नाही. पुली मोकळी फिरत राहते, इंजिनाला धक्का लागत नाही. पण त्याच पुलीचं बेअरिंग घरघरू लागलं तर गाडी थांबवायलाच हवी. बेअरिंग जाम झालं की बेल्ट घसरतो, जळका वास येतो आणि शेवटी बेल्ट तुटतो. अनेक गाड्यांत अल्टरनेटर, काहींत वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालतो. रेडिएटरचा पंखा बंद असेल तरी इंजिन तापण्याचा धोका असतो. कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक बसवलेले असतात आणि वारा दोघांना त्याच पंख्याचा मिळतो.

इथे कंडेन्सरकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं. शेजारी २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, दुर्गापूरची खुली कोळसा खाण आणि रस्त्यावर कोळशाचे ट्रक. कंडेन्सरच्या बारीक पात्यांत धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि गारवा जातो. तिथे पाण्याच्या हलक्या धारेने धुणं हा उपाय आहे, गॅस भरणं नव्हे. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता स्विच बायपास करून एसी चालवला, तर गॅसबरोबर फिरणारं तेल कॉम्प्रेसरला पुरेसं मिळत नाही आणि छोटी दुरुस्ती मोठी होते.

ट्रकवाल्यांनी वर्षानुवर्षं एसीविना गाड्या चालवल्याच ना, असं कुणी विचारेल. चालवल्या, पण त्याची किंमत शरीराने मोजली. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. त्याहून तापलेला वारा अंगाला उष्णता देतो, वाचवतो तो फक्त घाम. कोरड्या हवेत तो लगेच वाळतो, त्यामुळे पाणी किती गेलं ते कळत नाही. म्हणून पुली आणि पंखा ठीक असतील, तर सकाळी पाणी जवळ ठेवून गावात जायला हरकत नाही. लहान मुलांना किंवा म्हाताऱ्या माणसांना घेऊन भर दुपारी लांबच्या रस्त्याला लागू नये. आणि मेकॅनिककडे ‘गॅस भरून द्या’ म्हणण्याआधी विचारावं: नेमकं काय गेलंय?