पेटी आणि खर्ज : घरी घडवायच्या ध्वनिक्षेपकाचे शास्त्र

ध्वनिक्षेपकाचा, म्हणजेच बोलीभाषेतल्या स्पीकरचा, विचार करताना बहुतेकांचे लक्ष त्याच्या पुढच्या गोल पडद्याकडे जाते आणि भोवतालची लाकडी पेटी ही त्या पडद्याला उभे करण्याची केवळ सोय आहे असा समज होतो. वस्तुतः खालच्या पट्टीतले स्वर, म्हणजे खर्ज, कसे ऐकू येतील हे पडद्याइतकेच ती पेटीही ठरवते. घरी ध्वनिक्षेपक तयार करणाऱ्यासाठी ही मोठीच अनुकूल गोष्ट आहे, कारण पडदा, चुंबक आणि त्यांची चौकट मिळून होणारा ‘ड्रायव्हर’ घरी बनवणे जवळजवळ अशक्य असले, तरी पेटी मात्र मोजमापाची शिस्त पाळणारा कोणीही हौशी माणूस कारखान्याच्या तोडीची बनवू शकतो.

ड्रायव्हरची रचना आजही मुळात तीच आहे, जी चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकाच्या अरुंद गोलाकार फटीत तारेचे एक हलके वेटोळे लोंबते ठेवलेले असते, त्यातून अॅम्प्लिफायरचा विद्युतप्रवाह वाहू लागला की ते पुढेमागे सरकते आणि त्याला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकूसारखा पडदा हवेला ढकलतो. मात्र पडदा पुढची हवा दाबतो त्याच क्षणी त्याच्या मागची हवा विरळ होते, म्हणजे मागच्या बाजूला नेमका उलट ध्वनी निर्माण होतो. सेकंदाला ४० कंपनांच्या, म्हणजे ४० हर्ट्झच्या, स्वराची तरंगलांबी साडेआठ मीटरच्या आसपास असल्यामुळे हातभर रुंदीही नसलेल्या ड्रायव्हरच्या कडेवरून हे दोन ध्वनी सहज एकमेकांत मिसळतात आणि एकमेकांना पुसून टाकतात. सुटा ड्रायव्हर टेबलावर ठेवून वाजवला तर आवाज पत्र्यासारखा पातळ येतो तो यामुळेच. पेटीचे पहिले काम मागचा ध्वनी अडवून ठेवण्याचे आहे.

पेटी बंद केली की दुसरा प्रश्न उभा राहतो. आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याची हालचाल ताठर करते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग कडक. अमेरिकी संशोधक एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये या अडचणीचाच उपयोग करून घेतला. पडद्याला धरून ठेवणारे टेकू त्यांनी मुद्दाम अगदी सैल ठेवले आणि पडद्याला मूळ जागी परत आणण्याचे काम बहुतांशी आतल्या हवेवर सोपवले, त्यामुळे तुलनेने लहान पेटीतून स्वच्छ खर्ज निघू लागला आणि कपाटाएवढ्या पेट्यांची सक्ती संपली. तरीही कोणत्या ड्रायव्हरला किती लिटरची पेटी हवी हे बराच काळ अनुभवाने आणि अंदाजानेच ठरत असे. तो अंदाज गणितात बसवण्याचे श्रेय ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील यांच्या १९६१ मधील शोधनिबंधाला आणि त्यानंतर सिडनी विद्यापीठात काम करून रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेला जाते. घरगुती कारागिरीच्या दृष्टीने या दोघांच्या कामाइतके मोलाचे दुसरे काही घडलेले नाही.

थील-स्मॉल पद्धतीत ड्रायव्हरचे वर्तन काही मोजक्या आकड्यांत सामावते. पहिला आकडा अनुनाद-वारंवारतेचा : सुटा पडदा स्वाभाविकपणे ज्या वेगाने डोलतो तो वेग, ज्याला ‘एफएस’ म्हणतात. दुसरा ‘क्यूटीएस’, जो चुंबकाची आणि टेकूंची त्या डोलण्यावर किती पकड आहे हे सांगतो आणि पकड जितकी घट्ट तितका लहान असतो. तिसरा ‘व्हीएएस’, म्हणजे ड्रायव्हरच्या टेकूंइतकाच लवचीकपणा ज्या घनफळाच्या हवेत असतो ते घनफळ. समजा, एका ड्रायव्हरचे हे आकडे अनुक्रमे ४० हर्ट्झ, ०.४ आणि २० लिटर आहेत. बंद पेटीत गेल्यावर अनुनाद आणि क्यूटीएस (थोडक्यात क्यू) हे दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात वाढतात, आणि वाढलेला क्यू ०.७ च्या आसपास राहिला तर खर्ज फुगत नाही व लवकर ओसरतही नाही. हिशेब केला असता या ड्रायव्हरला साडेनऊ लिटरची बंद पेटी योग्य ठरते आणि तीत त्याचा अनुनाद सुमारे ७० हर्ट्झवर येतो.

ड्रायव्हरची पाठ आणि आतले आडवे टेकू जी जागा व्यापतात त्यासाठी पाऊण लिटर वाढवून धरले, तर आतून १८ सेंटिमीटर रुंद, २१ सेंटिमीटर खोल आणि २७ सेंटिमीटर उंच अशी सव्वादहा लिटरची पेटी हवी. येथेच अनेक प्रकल्प बिघडतात. ही मापे सुताराला नुसती सांगितली तर कपाट-टेबलाच्या सवयीने तो ती बाहेरची मापे समजतो. फळी १८ मिलिमीटर जाड असली की प्रत्येक दिशेने ३.६ सेंटिमीटर आतून कमी होतात आणि सव्वादहा लिटरच्या जागी सहा लिटरही उरत नाहीत. परिणामी अनुनाद ९० हर्ट्झच्या जवळ चढतो, खर्जाचा तळ हरवतो, वरच्या अंगाला तो घुमू लागतो आणि दोष मात्र ड्रायव्हरला दिला जातो. म्हणून कागदावर आराखडा काढताना आतली आणि बाहेरची मापे वेगवेगळ्या रंगांत लिहिणे हिताचे.

दुसऱ्या प्रकारच्या पेटीत मागचा ध्वनी अडवण्याऐवजी कामाला लावला जातो. तोंडावरून फुंकर मारली की रिकामी बाटली जशी एका ठरावीक स्वरात घुमते, तशी पेटीला बसवलेली नळी आतल्या हवेसह एका ठरावीक स्वराला घुमते, आणि बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये पेटंट मिळालेल्या या रचनेला बास-रिफ्लेक्स म्हणतात. तिच्यामुळे त्याच ड्रायव्हरमधून अधिक खोल खर्ज मिळतो, पण नळीची लांबी चुकली तर एकच स्वर ढोलासारखा बदाबदा वाजतो, शिवाय घुमण्याच्या स्वराखाली पडद्याला हवेचा आधार उरत नाही आणि तो मर्यादेबाहेर हेलकावे खाऊ लागतो. बंद पेटी चुका पोटात घालते, नळीची पेटी घालत नाही. पहिल्या प्रयत्नाला बंद पेटीच घ्यावी.

लाकडाची निवड हा वादाचा विषय आहे. प्रचलित मत असे की भिंती जितक्या जाड आणि जड तितक्या उत्तम, म्हणून १८ किंवा १९ मिलिमीटरचा, कारागिरांच्या भाषेत पाऊण इंची, प्लायवुड किंवा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा तक्ता) वापरावा. बीबीसीच्या संशोधकांनी मात्र वेगळी वाट धरली : १९७० च्या दशकात प्रक्षेपण-गाड्यांसाठी तयार केलेल्या त्यांच्या ‘एलएस३/५ए’ या जेमतेम पाच लिटरच्या प्रसिद्ध ध्वनिक्षेपकाच्या भिंती १२ मिलिमीटर बर्च प्लायवुडच्या होत्या आणि त्यांचे कंप शमवण्यासाठी आतून डांबरी अस्तर लावलेले होते. जाड भिंतीचा कंप मानवी आवाजाच्या पट्ट्यात, जेथे कान सर्वांत चोखंदळ असतो तेथे, जाऊन बसतो, त्यापेक्षा पातळ पण कंप शमवलेली भिंत बरी, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद भक्कम आहे, पण अस्तराचे प्रमाण साधणे घरी कठीण असल्याने नवशिक्याने जाड फळी घेऊन आत एखाददुसरा आडवा टेकू द्यावा हेच व्यवहार्य. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, एमडीएफच्या उघड्या कडा पावसाळ्यात ओल शोषून फुगतात, म्हणून येथे पाणीरोधक प्लायवुड श्रेयस्कर. भरीव सागवान दिसायला देखणे असले तरी हवामानानुसार आडव्या अंगाने फुगते-आकसते आणि सांधे उघडतात, तेव्हा त्याचा पातळ पापुद्रा प्लायवुडवर चिकटवणे अधिक शहाणपणाचे. एमडीएफ कापलाच तर त्याचा बारीक भुगा फुप्फुसांना घातक असतो आणि तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

जोडणीत सौंदर्यापेक्षा हवाबंदपणा महत्त्वाचा. फळ्या काटकोनात आहेत की नाहीत हे गुण्या लावून तपासावे, सांध्यांना सलग सरस लावून ते क्लॅम्पने रात्रभर दाबून ठेवावेत आणि आतल्या कोपऱ्यांतून सरसाची आणखी एक रेघ ओढावी. ड्रायव्हर बसवल्यावर खर्जाचा एकच लांब स्वर वाजवून सांध्यांजवळून पेटती उदबत्ती फिरवली, की जेथे फट असेल तेथे धूर थरथरतो. आत सैलसर पसरलेला पॉलिएस्टरचा कापूस पेटीच्या समांतर भिंतींमध्ये आदळत राहणारे मधल्या पट्टीतले ध्वनी शोषतो. याच कारणासाठी तिन्ही मापे सारखी असलेली घनाकृती पेटी टाळावी, कारण तीत तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच स्वरावर जमतात. बाहेरचा आकारही दुर्लक्षिण्याजोगा नाही : अमेरिकी ध्वनितज्ज्ञ हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत गोलाकार पेटीचा ध्वनी सर्वांत सपाट आढळला होता, आणि लाकडाचा गोल घडवणे अवघड असले तरी पुढच्या फळीच्या कडा गोलसर करणे मुळीच अवघड नाही.

विद्युत भागात मुख्य काम ‘क्रॉसओव्हर’चे, म्हणजे खालचे स्वर मोठ्या ड्रायव्हरकडे आणि वरचे स्वर ‘ट्वीटर’ नावाच्या छोट्या ड्रायव्हरकडे वळवणाऱ्या मंडलाचे. त्याच्या सर्वांत साध्या रूपात ८ ओहमच्या जोडीला ३,००० हर्ट्झवर विभागायचे असेल, तर ट्वीटरच्या वाटेत ६.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि मोठ्या ड्रायव्हरच्या वाटेत ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल येते. परंतु हे उत्तर ड्रायव्हरचा रोध सर्व स्वरांना ८ ओहमच राहतो असे गृहीत धरते आणि तो तसा कधीच राहत नाही, म्हणून बाजारात मिळणारा तयार, सर्वांना चालणारा क्रॉसओव्हर प्रत्यक्षात कोणालाच नीट चालत नाही. मंडलात एकाहून अधिक कॉइल असतील तर त्या परस्परांपासून दूर आणि काटकोनात बसवाव्यात, नाहीतर एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरते. मोठ्या ड्रायव्हरची धन बाजू ओळखण्यासाठी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवणे पुरेसे आहे : पडदा बाहेर सरकला, तर सेलचे धन टोक ज्या कडीला लागले ती धन.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त ड्रायव्हरांबरोबर थील-स्मॉल पद्धतीचे आकडे पुष्कळदा मिळत नाहीत. पण एक रेझिस्टर, मल्टिमीटर, संगणकातून काढलेला एकसुरी स्वर आणि पडद्यावर चिकटवायला ठाऊक वजनाचा मातीचा गोळा एवढ्या सामग्रीत ते घरी मोजता येतात. आकडे हाती नसताना पेटी बनवायला घेऊ नये, आणि ड्रायव्हर प्रत्यक्ष समोर ठेवून त्याचा घेर मोजल्याशिवाय पुढच्या फळीला भोक पाडू नये.