तिकीट काढताना परतीचाही विचार करा

गेल्या वर्षी आम्ही दोघे उमराहला गेलो होतो. मदिनेत एके दिवशी फजरनंतर चिपळूणहून दिरांचा फोन आला, "भाभी, अब्बांना दवाखान्यात ॲडमिट केलंय. जमलं तर लवकर या."

परतीला सहा दिवस होते. आम्हाला वाटले, थोडे पैसे भरले की तारीख बदलेल. पण टूरवाले म्हणाले, "ग्रुपच्या तिकिटात एकट्याची तारीख बदलता येत नाही." नवीन तिकीट काढण्यावाचून इलाज नव्हता आणि जवळचे पैसे एकापुरतेच होते. यांना पुढे पाठवले. अल्लाहच्या कृपेने बाप-लेकाची भेट झाली. आम्ही ग्रुपबरोबर घरी पोहोचलो तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते.

मौत कुणाच्या हाती नाही. पण पैसे भरण्यापूर्वी विचारणे आपल्या हाती होते. ते आम्ही केले नाही.

तारीख बदलताना सहसा दोन रकमा द्याव्या लागतात: बदलाचे शुल्क आणि जुन्या-नव्या भाड्यातील फरक. "तारीख बदलणे मोफत" असे लिहिलेले असले, तरी बहुधा फक्त शुल्क माफ असते. फरक द्यावाच लागतो. सुट्टीच्या किंवा रमजानच्या गर्दीत हा फरक मोठा होतो.

जायचे नसेल तर विमान सुटण्यापूर्वीच कळवावे. येण्याजाण्याचे तिकीट एकत्र असेल आणि जातानाचे विमान न सांगता सोडले, तर परतीचे तिकीटही बहुतेक वेळा रद्द होते. एजंटकडून काढलेले तिकीट सहसा त्याच्याचकडून बदलून घ्यावे लागते. परतीची तारीख पुढे नेण्याआधी व्हिसाची मुदत पाहावी.

आपल्याकडच्या कंपनीचे स्वस्त, "परतावा नाही" असे तिकीट रद्द केले, तरी सरकारी कर आणि विमानतळाचे वापरशुल्क परत मिळते. बरेच जण ते मागतच नाहीत. कंपनीनेच उड्डाण रद्द केले, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे यांपैकी एक निवडता येते.

घरात आजारी वडीलधारे असतील, तर चार पैसे जास्त देऊन तारीख बदलता येणारे तिकीट घ्यावे. उमराहचे पैसे भरताना टूरवाल्यांना एवढेच विचारा: तिकीट ग्रुपचे की वेगळे? परतीची तारीख बदलेल का? बदलली तर किती पैसे? आणि उत्तर तोंडी नको, लिहून घ्या.