विजेची मोटार आणि सातशे किलोमीटरांची वाट

१८६७ साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपुरास येऊन पोहोचला. त्या मार्गावर पुढे कित्येक दशके वाफेची इंजिने धावली. या इंजिनांची एक मोठी अडचण होती. कोळसा पुष्कळ वेळ पुरे, पण पाणी लवकर संपे. म्हणून मार्गात ठरावीक अंतरावर पाण्याच्या टाक्या आणि सोंडेसारखे नळ उभारावे लागले. गाडीचा वेग इंजिन ठरवीत असे हे खरे. परंतु गाडी वेळेवर पोहोचणार की नाही, हे त्या टाक्यांवरही अवलंबून असे.

आज नागपूरहून मुंबईकडे जाणारा एक नवा मार्ग झाला आहे, तो म्हणजे समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. दहा जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्याची एकूण लांबी ७०१ किलोमीटर आहे. विजेच्या मोटारीने हा प्रवास करणाऱ्यापुढे तोच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो : वाटेत ऊर्जा कोठे मिळेल, किती वेळात मिळेल आणि तेथे आपल्या आधी किती जण उभे असतील?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास शाळेतील पदार्थविज्ञान आणि अंकगणित पुरेसे आहे. चला तर मग!

पेट्रोलच्या नळीतील सामर्थ्य

एक लिटर पेट्रोल जाळले असता सुमारे ९ किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलातील ९ युनिट इतकी ऊर्जा मिळते. पंपावरील नळीतून मिनिटाला ३० लिटर पेट्रोल पडते असे धरा. म्हणजे मिनिटाला २७० युनिट आणि तासाला १६,२०० युनिट झाले. याचा अर्थ असा, की ती साधी रबरी नळी सुमारे १६ मेगावॅट शक्तीने ऊर्जा वाहून नेत असते! नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्रातील एक मोठा संच ६६० मेगावॅटचा आहे. म्हणजे अशा चाळीस नळ्या एकदम सुरू केल्या, तर त्या एका संपूर्ण संचाची बरोबरी करतील.

अर्थात पेट्रोलचे इंजिन या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भागच चाकापर्यंत पोहोचवते. उरलेली उष्णता होऊन वाया जाते. विजेची मोटार मात्र घटमालेतील सुमारे ८५ टक्के ऊर्जा चाकांना देते. हा फरक लक्षात घेतला तरीही ६० किलोवॅटचा चार्जर पेट्रोलच्या नळीपेक्षा सुमारे ऐंशी पट मंद ठरतो.

आता समजा, आपल्या मोटारीची घटमाला ४५ युनिटांची आहे. घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्ट दाबाने जास्तीत जास्त सुमारे ३.४ किलोवॅट मिळतील. म्हणजे रिकामी घटमाला भरण्यास तेरा तासांहून अधिक वेळ लागेल. रात्री घरी गाडी उभी असताना याला कोणाची हरकत नाही. परंतु जालन्याजवळ रस्त्यात थांबलेल्या कुटुंबाला तेरा तास कसे परवडावेत? तेथे द्रुत चार्जरच हवा.

घटमाला घाई का करू देत नाही?

भागाकार केल्यास ६० किलोवॅटचा चार्जर ४५ युनिट पाऊण तासात भरेल असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण घटाच्या आत आहे. लिथियम-आयन घट भरत असताना लिथियमचे आयन एका अग्रातून निघून दुसऱ्या अग्रातील ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. रिकाम्या एस. टी. त प्रवासी चढताना पाहा. पहिले तीस जण भराभर बसतात. पुढे मात्र मोकळी जागा शोधावी लागते, कंडक्टर 'मागे सरका' म्हणून ओरडतो आणि दाराशी गर्दी होते. आयनांचेही असेच होते. थर भरत आले असता जोराने आयन लोटले, तर ते थरांत न शिरता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातुरूपात साचू लागतात. त्यामुळे घटाची धारणशक्ती कायमची घटते व आत मंडलसंक्षेप होण्याचा, म्हणजेच शॉर्ट सर्किटचा धोका निर्माण होतो. म्हणून मोटारीतील नियंत्रक साधारण ८० टक्क्यांनंतर प्रवाह झपाट्याने कमी करतो. लांबच्या प्रवासात जाणकार चालक ८० टक्क्यांवरच पुढे निघतात, त्याचे मर्म हे आहे.

दुसरे कारण उष्णतेचे. रोध R असलेल्या वाहकातून I प्रवाह गेला असता दर सेकंदाला I²R इतकी उष्णता निर्माण होते, हे आपण शिकलाच आहात. घटमालेचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरा. ५० अँपिअर प्रवाहास २५० वॉट उष्णता निर्माण होईल. १५० अँपिअरला ती २,२५० वॉट होईल. प्रवाह तिप्पट, पण उष्णता नऊपट! आता नागपूरचा मे महिना आठवा. पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला आहे, रस्ता तापला आहे आणि ही सारी उष्णता त्याच तापलेल्या हवेत सोडायची आहे. शीतक यंत्रणा कमी पडली, की नियंत्रक प्रवाह उतरवतो आणि थांबण्याचा वेळ वाढतो.

यासाठी आपल्या हिशोबात ६० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के या टप्प्यात सरासरी ४० किलोवॅटच मिळतात असे धरू. हे ३१.५ युनिट भरण्यास सुमारे ४७ मिनिटे लागतील.

वेगाने जाणारा लवकर पोहोचतो काय?

मोटारीला मुख्यतः दोन विरोध सोसावे लागतात : चाकांचे लोटन-घर्षण आणि हवेचा अवरोध. १,५०० किलोग्रॅमच्या मोटारीस लोटन-घर्षण सुमारे १६० न्यूटन असते व ते वेगाबरोबर फारसे बदलत नाही. हवेचा अवरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मध्यम उंच बांध्याच्या मोटारीस तो ताशी ८० किलोमीटरला सुमारे २२५ न्यूटन, १०० ला ३५० आणि १२० ला ५०५ न्यूटन येतो. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी वेगमर्यादा १२० आहे, म्हणून आपण तेथेच थांबू. त्यात वातानुकूलन व इतर उपकरणांसाठी दीड किलोवॅट मिळवले, तर दर १०० किलोमीटरला लागणारी वीज अशी येते :

ताशी ८० किलोमीटर : सुमारे १४.५ युनिट
ताशी १०० किलोमीटर : सुमारे १८ युनिट
ताशी १२० किलोमीटर : सुमारे २३ युनिट

आता नागपूरहून पूर्ण भरलेली घटमाला घेऊन निघू. ती १० टक्क्यांवर आली की थांबायचे, ८० टक्क्यांपर्यंत भरायचे आणि पुढे निघायचे. शेवटच्या थांब्यावर आमण्यापर्यंत पुरेल तेवढेच भरायचे. प्रत्येक थांब्यावर वळणे, जोडणे व पैसे भरणे यांसाठी दहा मिनिटे जास्तीची धरू. चार्जर नेमका हवा तेथे आणि मोकळा मिळाला, तर उत्तर असे मिळते :

ताशी ८० : २ थांबे, एकूण सुमारे १० तास ३८ मिनिटे
ताशी १०० : ३ थांबे, एकूण सुमारे ९ तास ४० मिनिटे
ताशी १२० : ४ थांबे, एकूण सुमारे ९ तास ३१ मिनिटे

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. वेग वीस किलोमीटरांनी वाढवून एवढ्या लांबच्या प्रवासात वाचली किती, तर नऊ मिनिटे! आणि त्यासाठी सुमारे ३५ युनिट जास्तीचे विकत घ्यावे लागले. त्या चार थांब्यांपैकी एकाही ठिकाणी पुढे एक जरी मोटार उभी असली, तर हा लाभ नाहीसा होऊन उलट तोटाच पदरी पडेल. विजेच्या मोटारीचा प्रवास केवळ चक्रांवर ठरत नाही, तो रांगेवर ठरतो.

रांगेचे गणित

ही रांग कल्पनेतली नाही. नागपूरने ती पाहिली आहे. २०१७ च्या मे महिन्यात ओला कंपनीने नागपुरात विजेवर चालणाऱ्या सुमारे २०० वाहनांचा प्रयोग सुरू केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलच्या येथील एका पेट्रोलपंपावर चार्जरही बसला. देशात या प्रयोगाचे मोठे कौतुक झाले. परंतु २०१८ च्या आरंभी आलेल्या वृत्तांनुसार टॅक्सीचालकांना चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत थांबावे लागत होते आणि काहींना पुन्हा डिझेलची गाडी हवीशी झाली होती. टॅक्सीवाल्याची कमाई चाके फिरतात तेव्हाच होते. रांगेतला प्रत्येक तास त्याच्या घरच्या चुलीतून वजा होतो.

रांग इतकी का वाढते? एका केंद्रावर एकच चार्जर आहे, प्रत्येक मोटारीस ४५ मिनिटे लागतात आणि दर ३० मिनिटांनी एक मोटार येते, असे समजा. पहिलीला थांबावे लागत नाही. दुसरी पंधरा मिनिटे थांबते, तिसरी अर्धा तास, आणि आठव्या मोटारीवर पावणेदोन तास थांबण्याची पाळी येते. आता तेथे दुसरा चार्जर बसवा. मोटारी आलटून पालटून दोहोंकडे जातील. प्रत्येक चार्जरवर तासाला एकच मोटार येईल, आणि एकासही थांबावे लागणार नाही! चार्जर दुप्पट झाले, पण रांग अर्धी झाली नाही. ती नाहीशीच झाली.

चार्जर नादुरुस्त असण्याचाही विचार केला पाहिजे. दहांपैकी नऊ वेळा तो चालू सापडतो असे धरले, आणि वाटेत एकेक चार्जर असलेले तीन थांबे असले, तर तिन्ही ठिकाणी काम होण्याची संभाव्यता ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९ येते. म्हणजे जवळजवळ दर चार प्रवासांत एकदा फजिती ठरलेली. प्रत्येक ठिकाणी दोन चार्जर असतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याची संभाव्यता शंभरात एक, आणि संपूर्ण प्रवास निर्विघ्न होण्याची ९७ टक्के. पण सावधान! हा गुणाकार दोन्ही बिघाड परस्परांशी निगडित नसतील तरच खरा. केंद्राचा वीजपुरवठाच खंडित झाला, तर दोन्ही चार्जर एकदमच मुके होतात.

तारांचा विचार

मग प्रत्येक ठिकाणी चार-चार चार्जर बसवावेत, असे आपण म्हणाल. ६० किलोवॅटचे चार चार्जर म्हणजे २४० किलोवॅट. रात्री आठ वाजता एका घराचा भार एक किलोवॅट धरला, तर हे २४० घरांचे गाव झाले! घरगुती पुरवठ्याच्या ४१५ व्होल्टच्या त्रिकला वाहिनीवर यासाठी सुमारे ३३५ अँपिअर प्रवाह लागेल; ११,००० व्होल्टच्या वाहिनीवर तो केवळ १३ अँपिअरच्या आसपास भरतो. म्हणून अशा केंद्रास उच्च दाबाची वाहिनी आणि स्वतःचे रोहित्र लागते. गावाच्या रोहित्रावरच हा भार टाकला, तर शेजारच्या शेतातील पंपाचा दाब पडेल. प्रवाशाची सोय शेतकऱ्याच्या पाण्यातून वजा होता कामा नये.

केंद्र शासनाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग केंद्र आणि लांब पल्ल्याच्या व अवजड वाहनांसाठी दर १०० किलोमीटरला एक द्रुत केंद्र असावे, असे म्हटले होते. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना पथकरातून सूट दिली. सूट मिळाली म्हणजे मोटारी वाढणार आणि रांगाही. म्हणून केंद्रांमधील अंतराइतकेच प्रत्येक केंद्रावरील चार्जरांची संख्या, त्यांची शक्ती आणि देखभाल यांना महत्त्व आहे.

औषधाच्या दुकानातील इंधन

पेट्रोलची मोटारही एके काळी याच अवस्थेत होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्था बेंझ या धाडसी स्त्रीने दोन मुलांना घेऊन, पतीने बनवलेल्या मोटारीतून मानहाइम ते फोर्झहाइम असा शंभरावर किलोमीटरांचा प्रवास केला. वाटेत इंधन संपले. पेट्रोलपंप तर जगात कोठेच नव्हते. अखेर विस्लोख गावातील औषधाच्या दुकानातून, डाग काढण्यासाठी विकले जाणारे लिग्रॉइन विकत घेऊन तिने मोटार पुढे नेली. त्यानंतर पेट्रोल गावोगाव मिळू लागेपर्यंत काही दशके जावी लागली.

आपण करून पाहा

आपल्या गावाजवळच्या पेट्रोलपंपावर, मालकाची परवानगी घेऊन, शिक्षकांसोबत एक तास उभे राहा. किती मोटारी आल्या आणि प्रत्येकीस किती मिनिटे लागली, ते वहीत टिपा. मग यांतील निम्म्या मोटारी विजेच्या आहेत व प्रत्येकीस ४५ मिनिटे लागतात असे समजून, एकासही दहा मिनिटांपेक्षा अधिक थांबावे लागू नये यासाठी किती चार्जर लागतील ते काढा. त्यांची एकूण शक्ती काढा. शेवटी आपल्या वाडीतील रोहित्राच्या पाटीवरील केव्हीए चा आकडा दुरूनच वाचून, ते हा भार पेलेल काय, हे ठरवा. पाटीला वा रोहित्राला हात लावू नका!

या गणिताचे उत्तर वर्गात फळ्यावर मांडा. पुढील दहा-वीस वर्षांत ही केंद्रे कोठे व किती असावीत, हे ठरवण्याचे काम आज नववी-दहावीत बसलेल्या तुमच्यापैकीच काहींच्या हाती येणार आहे.