कोच ते सिनेटर

चिखलोलीच्या पावसात फुटबॉल खेळताना कोचचं ओरडणं आपण निमूट ऐकतो. पण हाच कोच राजकारणात गेला तर?

अमेरिकेतले टॉमी ट्युबरव्हिल बघा. (तिकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा!) २००४ साली त्यांच्या ऑबर्न विद्यापीठाने १३ पैकी १३ सामने जिंकले. त्याच नावावर २०२० मध्ये ते अलाबामातून सिनेटवर निवडून आले.

सिनेटमध्ये लष्करी बढत्या सहसा एकमताने, एकगठ्ठा मंजूर होतात. एकाने जरी हरकत घेतली, तरी प्रत्येक नावावर वेगळं मतदान! लष्करातल्या महिलांना गर्भपातासाठी प्रवासखर्च देण्याला विरोध म्हणून २०२३ मध्ये त्यांनी हेच केलं. ४०० हून अधिक बढत्या लटकल्या. शेवटी स्वतःच्याच पक्षातून दबाव आला, तेव्हा डिसेंबरमध्ये बहुतेक बढत्या सुटल्या.

दोस्तहो, मैदानावर कोचचा हुकूम चालतो. सभागृहात मात्र चार जणांना पटवावं लागतं.