सोयाबीन तेच, पोट वेगळं

रात्री अचानक अंगाची लाही होणं, घामाने उशी भिजणं. पाळी जायच्या वयात आईला हा त्रास सुरू झाला, तेव्हा शेजारच्या काकूंनी सांगितलं, "सोयाबीन खा, मला गुण आला." आईने तीन महिने सोया चंक्सची भाजी केली. घरातले सगळे कंटाळले, घाम मात्र थांबला नाही.

मग काकूंचा सल्ला चुकीचा होता का? तसंच काही नाही. कदाचित फरक दोघींच्या पोटात असेल.

सोयाबीनमध्ये डायडझीन नावाचा घटक असतो. तो आपल्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनसारखा दिसतो, पण त्याचा प्रभाव अगदी सौम्य असतो. आतड्यातले काही जीवाणू त्याच डायडझीनचं इक्वॉल बनवतात आणि ते जास्त प्रभावी ठरतं. हे इक्वॉल पहिल्यांदा सापडलं 1932 साली, तेही गाभण घोडीच्या मूत्रात! पुढे 1940च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या गाभण राहीनात. दोष निघाला क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचा. त्यातल्या घटकाचं मेंढ्यांच्या पोटात इक्वॉल होत होतं. पण घाबरू नका, मेंढ्या दिवसभर तेच चरत होत्या. आपण खातो वाटीभर भाजी.

शिवाय इक्वॉल बनवणारे जीवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात. जपानमध्ये साधारण निम्म्या लोकांत इक्वॉल तयार होतं, तर अमेरिका-युरोपात जेमतेम 25 ते 30 टक्के लोकांत. सोयाबद्दलच्या अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट येतात, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

आपल्या जवसाचंही असंच आहे. त्यातल्या लिग्नन या घटकापासून आतड्यातले जीवाणू एंटेरोलॅक्टोन बनवतात. फिनलंडमधल्या एका अभ्यासात अँटिबायोटिक घेतलेल्यांच्या रक्तात ते कमी आढळलं. म्हणजे साध्या सर्दीला मनानेच अँटिबायोटिक घेतलं, तर या कामकरी जीवाणूंनाही फटका बसतो. आणि जवस अख्खं गिळू नका, दाणे न पचताच बाहेर पडतात. भाजून, लसूण-तिखट घालून कुटलेली आजीची चटणी इथे बाजी मारते.

थायरॉइडची गोळी चालू असेल, तर ती आणि सोया एकाच वेळी घेऊ नका. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर सोया किंवा इक्वॉलच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आईने सोया चंक्सचा उरलेला डबा काकूंना देऊन टाकला. घामासाठी ती आता डॉक्टरांकडे जाते. जवसाची चटणी मात्र रोज ताटात असते, चवीसाठी.